राख फासून मार्कंड्याला

मार्कंड्याला जायचं ठरवलं दिलीपनं, दमले मात्र मी. ऐंशीच्या दशकाची अखेर होती, आम्ही ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये राहायचो. माझ्या या धाकट्या भावाला कुठूनशी एका परदेशी मेटल बँडची कॅसेट मिळाली. कव्हरवर पांढरेफटक चेहरे, डोळ्यांभोवती काळं, मनगटांवर खिळे. तोच वेश करून मार्कंड्याच्या शिवरात्रीच्या जत्रेत गायचं, हा त्याचा हट्ट. लोकांनी गाणं ऐकलं तर गिटार चालू, नाहीतर वीज केंद्रात नोकरी, असं त्याचं बाबांशी ठरलं होतं. रेक्झिनच्या पट्ट्यांत खिळे बसवून बसवून माझी बोटं सोलून निघाली.

चंद्रपूरहून एसटीनं मूल, मग गडचिरोली, चामोर्शी. तुम्ही शिवरात्रीला जाणार असाल तर पहिली गाडी पकडा, नंतर उभं राहायलाही जागा मिळत नाही. डब्यातली कोथिंबिरीची सांबारवडी मूललाच संपली. शेवटचा टप्पा बैलबंडीनं, हाडं खिळखिळी झाली. त्या दिवशी देवळं बघायचं त्राण नव्हतं. मी वैनगंगेत पाय सोडून बसून राहिले.

दुपारी दंडारवाल्यांनी, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यवाल्यांनी, आपल्या खेळाआधी स्टेज दिलं. तोंड रंगवायला दिलीपनं घरून काय आणावं? वीज केंद्रातल्या कोळशाची राख! घामानं ती भिजली, चेहरा चुरचुरू लागला, डोळे लालभडक. दंडारीत रावण करणारे म्हातारे सदूभाऊ बघतच राहिले.

"कोनतं सोंग हाय रे हे?"

"मेटल हाय, भाऊ."

"मंग राख काऊन फासून राह्यला? खाजवून मरशीन!"

त्यांनी खोबरेल तेलानं त्याचं तोंड पुसलं, आपला सफेदा लावला. स्वतःचे डोळे वटारून दाखवत म्हणाले, "आता डोरे मोठे कर. लोकायले भेव वाटलं पाह्यजे."

दिलीपनं पहिली किंकाळी फोडली आणि जनरेटर बंद पडला. गिटार मुकी. तो तोंड उघडं टाकून तसाच उभा. मला रडू फुटायचं बाकी होतं. तेवढ्यात सदूभाऊंच्या ढोलकीवाल्यानं थाप दिली आणि दिलीप डोळे वटारून नाचायला लागला. दंडारीतला नवा राक्षस समजून लोकांनी शिट्ट्या मारल्या.

परतताना मी त्याचं कौतुक करत होते. तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "टाळ्या राक्षसाले होत्या, ताई. गानं कोनंच नाई आयकलं."

आता कुणी विचारलं तर मी मार्कंड्याची शिल्पं बघा म्हणून सांगते, आणि ती बघण्यासारखीच आहेत. मला मात्र आमचं दार आठवतं. वीज केंद्रातल्या कामाच्या पहिल्या दिवशी दिलीप घरी आला तेव्हा तोंडावर तीच राख होती. मी खोबरेलची बाटली पुढे केली.

"डोरे मोठे करू का, ताई?" त्यानं विचारलं.

मला हसता आलं नाही.