गोधडीचं पोट

कळवणहून मंगलचा फोन आला तेव्हा मी देवळाली कॅम्पातल्या घरी शिलाई मशीनला तेल घालत होते. "बाई, कौसाबाई गेल्या. सकाळी चहा ठेवायला उठल्या आन्..." डॉक्टरांनी हृदयविकार सांगितला. रडता रडता मला कौसाबाईंचं वाक्य आठवलं, "लिहून घ्या बाई, मी त्या दुखण्यानं मरायची नाय." शब्द खरा केला त्यांनी.

त्या दुखण्याचं नाव एचआयव्ही. ट्रक चालवणारा नवरा ते घरी घेऊन आला आणि स्वतः लवकरच गेला. सासरच्यांनी कौसाबाईंची ताट-वाटी वेगळी केली, तरी ही बाई काही खचली नाही. सरकारी दवाखान्याच्या बाकावर गोळ्यांसाठी बसणाऱ्या आणखी आठजणींना गोळा करून त्यांनी गोधड्या शिवायला काढल्या. मंगल त्यातलीच एक. मला बोलावलं ते मापं आणि कडा नीट शिकवायला. मी गेले खरी, पण पिशवीत स्वतःची पाण्याची बाटली घेऊन. चहा आला की "ॲसिडिटी आहे हो" म्हणायचे. एका कपाने काही होत नाही हे पक्कं माहीत असून... आता लिहितानाही लाज वाटते. कौसाबाई कधी टोकायच्या नाहीत. फक्त दर खेपेला न चुकता विचारायच्या, "ॲसिडिटी कशी हे बाई?"

मग केनियाहून ग्रेस महिनाभरासाठी गटाचं काम बघायला आली. तिलाही हेच दुखणं होतं, आणि तिकडे अशाच बायकांचा टोपल्या विणायचा गट ती चालवायची. दोघींना एकमेकींची भाषा ओ की ठो कळत नव्हती. पहिल्याच संध्याकाळी कौसाबाईंनी गोळ्यांची डबी काढली, ग्रेसनेही पर्समधून आपली काढली, आणि दोघी एकाच पेल्यातल्या पाण्याने गोळ्या घेऊन खो खो हसत सुटल्या. मी बाटली पिशवीत सारली. जाताना ग्रेसने आपलं गर्द केशरी, फुलाफुलांचं कापड कौसाबाईंच्या खांद्यावर टाकलं, आणि पुढे तिकडच्या एका दुकानाची वीस गोधड्यांची ऑर्डरही मिळवून दिली. गटाचं ते पहिलंच मोठं काम होतं.

कौसाबाईंच्या घरची एक रीत होती. गोधडीचा शेवटचा कोपरा शिवण्याआधी आत बाजरीचे चार दाणे टाकायचे. गोधडीचं पोट भरलं की पांघरणाराही उपाशी राहत नाही म्हणे. वीस गोधड्या माझ्या नावाने गेल्या आणि काही आठवड्यांत गठ्ठे जसेच्या तसे माझ्या पत्त्यावर परत आले. सोबतचा कागद मी उघडलाच नाही. मनात आलं, कुणी शिवल्यात ते कळलं वाटतं त्यांना. दोन दिवस गठ्ठे दिवाणाखाली दडवून ठेवले आणि मग कळवणला नेले. बायकांचे चेहरे उतरले. मंगल म्हणाली, "आपला हात लागला ना त्याला. कोण घेईल?" कौसाबाई माझ्याकडे वळल्या. "कागदबिगद काय आलाय का?" मी उघडून वाचला. तपासणीत धान्य सापडलं, धान्य पाठवायला मनाई आहे... एवढंच होतं.

"म्हंजे खोट आपल्यात नाय, बाजरीत हे!" हसता हसता त्या खाली बसल्या. मग हळूच मला म्हणाल्या, "त्यांच्या मनात काय नव्हतं, बाई. तुमच्या मनात व्हतं." त्या दिवशी मी चहा मागून घेतला.

दाणे काढायचे तर पोट रिकामं राहणार, ते त्यांना चालेना. त्यांनी ग्रेसचं केशरी कापड आणलं आणि सरळ कात्री लावली. वीस कोपऱ्यांत वीस तुकडे गेले. "तिचंच हे, तिच्याकडं जाऊ दे." गोधड्या पुन्हा गेल्या आणि तिकडून आणखी मागणी आली. गट आजही जोरात चालू आहे.

तेराव्याला गेले तेव्हा मंगलने एक गोधडी हातात ठेवली. तिचा शेवटचा कोपरा उघडाच होता. "तुमच्यासाठी शिवत व्हत्या. म्हणायच्या, बाईंनी लय गोधड्या खपवल्या, पर घरात एक बी अंथरली नाय." खरं होतं ते. चहा प्यायला लागले तरी तेवढं अंतर मी ठेवलंच होतं, आणि त्यांना ते ठाऊक होतं.

घरी येऊन डब्यातले बाजरीचे चार दाणे घेतले, कोपऱ्यात टाकले आणि तो शिवून टाकला. ही गोधडी कुठे परदेशी जायची नाही. माझे टाके त्यांच्यासारखे आले नाहीत, पण गोधडी रोज पांघरते. दुपारी आडवं होऊन कूस बदलली की दाणे हाताला लागतात, आणि कौसाबाई विचारतात, "ॲसिडिटी कशी हे बाई?"

बरी आहे, कौसाबाई. आता अगदी बरी आहे.