सिस्टरआत्याची अंड्याची बिस्किटं

सिस्टरआत्याइतकं देखणं खोटं बोलणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. खोटं बोलताना लोकांची नजर खाली जाते, जीभ अडखळते. हिचा चेहरा उलट जास्तच सात्त्विक व्हायचा. चष्मा नाकावर सरळ करायचा, दोन्ही हात पोटाशी बांधायचे आणि देवळात शास्त्रवाचन करावं तशा आवाजात सांगायचं, "अजिबात दुखणार न्हाई बरं का." आपण "खरंच?" म्हणेपर्यंत सुई टोचून झालेली असायची.

ती सरकारी दवाखान्यात नर्स होती. आष्टीच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवर तिची सगळी नोकरी गेली. गाव तिला सिस्टर म्हणायचं. ती माझ्या पप्पांची थोरली बहीण, म्हणून आमची आत्या. आम्ही पोरांनी दोन्ही जोडून टाकलं. लग्न तिने केलं नव्हतं आणि का केलं नाही याची कारणं तिच्याकडे माणसागणिक वेगळी होती. शेजारणीला सांगायची, ठरलेला नवरा ऐनवेळी पळून गेला. चर्चच्या पाळकसाहेबांना सांगायची, देवाने सेवेसाठी बोलावलं. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "रोज दुसऱ्यांची बाळंतपणं बघायची, वर लग्न कावून करायचं?" यातलं खरं कुठलं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

पंचक्रोशीतल्या बहुतेकांना तिने कधी ना कधी इंजेक्शन दिलेलं होतं आणि त्यामुळे तिला कुणाचीच भीती वाटायची नाही. बाजारच्या दिवशी एखादे पुढारी माईकवर गरजत असले, की ती माझ्या कानाशी लागायची. "हा लई रडका. सुई बघून कॉटखाली गेलता." मग भाषण संपेपर्यंत मला तोंडात पदर कोंबून बसावं लागे, आणि ही मात्र पुढाऱ्याकडे बघून आदराने मान हलवत असे.

तिचा खरा मोसम मात्र नाताळाचा. करंज्या, शंकरपाळे आम्ही घरी करायचो, पण बिस्किटं करून आणायची ती आष्टीच्या भट्टीतून. आपला मैदा, आपलं तूप, आपली पिठीसाखर घेऊन बेकरीत जायचं, त्यांनी मळून, थापून, भाजून द्यायचं, आणि आपण समोर स्टूल टाकून बसायचं. बसायचं अशासाठी, की आपलं तूप आपल्याच बिस्किटात जातंय ना, यावर डोळा राहावा. आत्या तर ट्रेसुद्धा स्वतःचे न्यायची. आदल्या दिवशी सोडा लावून घासलेले, जुन्या लुगड्यात बांधलेले. आणि टमटममध्ये बसताना मांडीवर भुशाच्या टोपलीत दोन डझन अंडी, सगळ्या गावाला दिसतील अशी. कुणी सोबत यायला निघालं, की चष्मा सरळ व्हायचा. "भट्टीपाशी धग लई असती. तुला चक्कर यील." ती एकटीच जायची आणि संध्याकाळी डबे घेऊन परतायची तेव्हा तिच्या तोंडावर असं समाधान असायचं, जसं काही ती पंगतीत जेवून आली आहे.

डबे दोन प्रकारचे. लाल दोऱ्याचे अंड्याचे, पांढऱ्या दोऱ्याचे बिनअंड्याचे. असं का, ते सांगायला आमची दोन घरं सांगावी लागतील. पप्पांचे आजोबा ख्रिस्ती झाले, त्यांचे धाकटे भाऊ झाले नाहीत. पण शेत शेजारी, वस्ती एक, मधे एक लिंबाचं झाड. दिवाळीचं ताट तिकडून इकडे यायचं आणि नाताळचा डबा इकडून तिकडे जायचा. पलीकडच्या घरातले कर्ते म्हणजे आबा, पप्पांचे आणि आत्याचे चुलतभाऊ. आबा माळकरी. त्यांना अंडं चालायचं नाही. आणि आमच्या पप्पांना अंड्याशिवाय चालायचं नाही. "अंडं न्हाई ते बिस्किट कसलं? ते उपासाचं झालं," असं ते दरवर्षी म्हणत.

पप्पा या विषयातले जाणकार होते. लाल दोऱ्याच्या डब्यातलं बिस्किट ते आधी मोडायचे, मग हुंगायचे, मग आम्हा पोरांना दाखवायचे. "ही बघा जाळी. ही अंड्याशिवाय पडत नसती." आम्ही जाळी बघायचो. मग पांढऱ्या दोऱ्यातलं मोडून दाखवायचे. "आता हे बघा. कसं मुकं हाय." आम्हालाही ते मुकं दिसायचं. पोरांच्या बाजारात एका अंड्याच्या बिस्किटाला दोन साधी असा भाव होता. आत्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हे सगळं अतिशय भक्तिभावाने ऐकत असायची.

आबांच्या माळेबद्दल मात्र आमच्याकडे कुणी थट्टा करत नसे. तरुणपणी आबा प्यायचे, आणि प्यायचे म्हणजे बांधावर पडलेले सापडायचे. एकदा असे आजारी पडले की आत्याच्याच दवाखान्यात त्यांना ठेवावं लागलं. दारू तुटलेल्या अंगाला जे जे होतं ते सगळं त्यांना झालं. बाहेर आले ते थेट महाराजांकडे गेले आणि माळ घालून आले. त्यानंतर थेंबाला शिवले नाहीत. काकू, म्हणजे आबांची बायको, उघडच म्हणायच्या, "माज्या कुंकवाला काय व्हतंय, ह्या माळंवर घर उभं हाय."

तीन-चार वर्षांपूर्वीच्या नाताळात ही माळ सुटायची वेळ आली.

त्याच वर्षी माझ्या भावाचं लग्न झालं होतं. नवी वहिनी उत्साही. सकाळी आम्ही उपासनेला जायच्या आधी तिने सगळे डबे ओल्या फडक्याने पुसले, दोरे सोडले, आणि पुन्हा बांधले. रंगाचा अर्थ तिला कुणी सांगितलाच नव्हता. दुपारी आबा-काकू आले. आबांसमोर पांढऱ्या दोऱ्याचा डबा ठेवला गेला. चहात बुडवून त्यांची चार बिस्किटं झाली, आणि मग पप्पांनी पोरांना दटावलं, "लाल दोऱ्याला हात लावायचा न्हाई, ती अंड्याची हायत." वहिनी सहज म्हणाली, "अय्या, दोऱ्यांना काही अर्थ होता का? मी तर हाताला येईल तो बांधला."

आबांच्या हातातलं बिस्किट हातातच राहिलं.

तेव्हा आमचे जाणकार पुढे झाले. पप्पांनी दोन्ही डबे जवळ ओढले. यातलं एक मोडलं, त्यातलं एक मोडलं. हुंगलं. डोळे मिटून चावलं. आम्ही सगळे त्यांच्या जबड्याकडे बघत होतो. मग आबांसमोरच्या डब्यावर बोट ठेवून ते म्हणाले, "हे अंड्याचं. शंभर टक्के."

आबांनी कप खाली ठेवला. ते चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी गळ्यातली माळ चिमटीत धरली आणि आत्याकडे बघून शांतपणे म्हणाले, "अक्का, उतरवावी लागंल गं."

"उतरवायची न्हाई!" काकू ओरडल्या. "तुमाला माजी शपथ हाय." आणि त्या रडायला लागल्या. माळ उतरली की पुढे काय, ते त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. महाराजांकडून ती पुन्हा घालून घेता आली असती, पण मधले दिवस कुणी काढायचे? नव्या वहिनीला काहीच कळत नव्हतं, तरी तीही रडत होती.

आत्या उठली. तिचा चष्मा वाकडा झाला होता आणि तिला तो सरळ करायचं सुचत नव्हतं. "आबा, त्यात... त्यात अंडं न्हाई रं," ती म्हणाली. आवाज पार फाटला होता. "कशातच न्हाई. ह्यात न्हाई, त्यात न्हाई. तू माळ घातलीस तवापासून मी घातलंच न्हाई."

जन्मभर खोटं इतकं सुंदर बोललेल्या बाईचं खरं इतकं ओबडधोबड निघालं, की कुणाचाच विश्वास बसेना.

"अक्का, आता मन राखाया खोटं नका बोलू," काकू म्हणाल्या.

"चव कळती ना मला," पप्पा म्हणाले.

"तुला काय डोंबल कळतंय!" आत्या त्यांच्यावर अशी खेकसली की पप्पा मागे सरकले. पण त्यांनी मुद्दा सोडला नाही. "मग दोन डझन अंडी जात्यात कुठं? मांडीवर घेऊन जातीस ती?"

आत्या जमिनीकडे बघायला लागली. आम्ही तिला पहिल्यांदाच पकडली गेलेली बघत होतो. मग ती म्हणाली, "खाते."

यावर तर मुळीच कुणाचा विश्वास बसला नाही. शेवटी माझ्या भावाने भट्टीवाल्या चाचांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. त्याने फक्त एवढंच विचारलं, की सिस्टरच्या बिस्किटात अंडी किती घालता.

"अंडे? बिस्कुट में?" चाचांचा आवाज खोलीभर झाला. "सिस्टर तो अंडे के हात से ट्रे कू छूने नै देते भई! पैले बिस्कुट निकालके डब्बे बंद करते, फिर पीछे आंगन में स्टो पे भुर्जी बनती. हमारे बच्चे, कारीगर, सिस्टर, सब गरम पाव के साथ खाते. हर साल का है ये." मग जरा काळजीने, "कायकू? सिस्टर का पेट बिगड़ा क्या?"

फोन बंद झाला. आत्या अजून जमिनीकडेच बघत होती. आबांनी माळ सोडली. मग ते हसायला लागले ते थांबेचनात. काकू डोळे पुसत म्हणाल्या, "आन आमाला म्हनायची, भट्टीपाशी चक्कर येती!" आबांनी डब्यात हात घालून पाचवं बिस्किट उचललं. हसले नाहीत ते फक्त पप्पा. हातातलं मोडकं बिस्किट उजेडात धरून ते जाळी तपासत होते.

संध्याकाळी भांडी घासताना मी तिला विचारलं, की पप्पांना सरळ सांगून टाकायला काय झालं होतं. तिने इकडेतिकडे बघितलं. "तुज्या पप्पाला कळलं असतं, की आबापायी आपलं अंडं बंद झालंय, तर त्यानं ते आबाला जन्मभर ऐकवलं असतं. आन मग आबा चहाला तरी आला असता का?" हातातली परात विसळून तिने पालथी घातली. "आन डबे काय गं, लेकरांच्या हाताला लागले की हिकडचे तिकडं. मी त्याला कॉटला बांधलेला बघितलाय. त्याची माळ मी दोऱ्याच्या रंगावर टांगू व्हय?"

त्यानंतर दोरे बंद झाले. पप्पा तेव्हापासून म्हणायचे, बिस्किटं पूर्वीसारखी होत नाहीत. आत्या हात पोटाशी बांधून म्हणायची, "अंडं कमी पडत असंल." भुर्जी मात्र चालूच राहिली, आणि आता गावातल्या दोन-तीन बायकाही टमटममध्ये तिच्यासोबत जायला लागल्या. त्यांना चक्कर यायची नाही.

गेल्या पावसाळ्यात आत्या गेली. नगरच्या दवाखान्यात शेवटचे दिवस काढले. तिथल्या पोरसवदा डॉक्टरला तिने सांगितलं होतं, की तिने आयुष्यात कधी गोड खाल्लं नाही. आम्हाला सांगायची, "नाताळला मी घरीच हाय. ट्रे घासून ठिवा." हे खोटं आहे हे तिला माहीत होतं, आम्हालाही माहीत होतं, आणि तरी ते तिने इतकं छान सांगितलं की मी ट्रे घासून ठेवले. तिच्या मातीला दोन्ही घरं उभी होती. मला तिची आठवण फार येते. घरात सगळे खरं बोलायला लागल्यापासून घर ओस पडलं आहे.

डिसेंबर आला तशी मला एकच काळजी लागली. आबांनी विश्वास टाकला होता तो आत्यावर, आमच्यावर नव्हे. आणि आमच्यावर का टाकावा? आमच्या घरातल्या जाणकाराने एकदा त्यांची माळ जवळजवळ उतरवलीच होती. आता डबा न्यावा तर आबा काय म्हणतील, आणि त्यांनी हात जोडून डबा परत केला तर मग तो कायमचाच परत आला. एका सकाळी पप्पांनी ट्रे पुन्हा एकदा घासले, लुगड्यात बांधले आणि टमटमने आष्टीला गेले. दिवसभर स्टुलावर बसून राहिले. दुपारी चाचांनी जेवायला बोलावलं तरी जागचे हलले नाहीत.

नाताळच्या दिवशी तो डबा घेऊन ते स्वतः लिंबापलीकडे गेले. मी मागे होते. आबा ओट्यावर बसले होते. काकू दारातून बघत होत्या आणि त्यांचा चेहरा मला वाचता येत नव्हता. पप्पांनी डबा खाली ठेवला, झाकण काढलं आणि घाईघाईने सांगायला लागले, "आबा, मी सोता बसलोतो. ट्रे मीच घासले. भट्टीत आपल्या आधी दुसरं कुनाचं लावू दिलं न्हाई. अंडं तर मी..."

आबांनी तोवर एक तोंडात टाकलं होतं आणि दुसरं हातात घेतलं होतं.

"तुला कुनी इचारलं का बे?" ते चावता चावता म्हणाले.

पप्पा तसेच उभे राहिले. मग ओट्यावर बसले आणि आत्या गेल्यापासून पहिल्यांदा रडले, लहान पोरासारखे, हुंदके देऊन. आबांनी त्यांच्याकडे बघितलं नाही. डबा दोघांच्या मधे सरकवला आणि आत ओरडून सांगितलं, "चहा ठिवा गं, भाऊ आलाय."