अप्पांचे गुलाब

माझे वडील गुलाबांशी फार हळू बोलायचे. आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो. रेल्वेच्या मालधक्क्यावर ते हेडक्लार्क होते, आणि त्यांचा आवाज यार्डाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जातो असं लोक सांगत. घरीही तोच आवाज. फक्त संध्याकाळी कचेरीतून आले की चपला फाटकाशी काढून, चहासुद्धा न घेता ते वाफ्यात उकिडवे बसत, एखादी फांदी दोन बोटांत धरत आणि म्हणत, "काय गं, आज मान टाकलीस?" माझ्या आईला, अव्वाला, असं त्यांनी कधी विचारल्याचं मला आठवत नाही.

घर होटगी रस्त्याच्या बाजूला होतं. तेव्हा तिकडं वस्ती विरळ आणि जमीन म्हणजे नुसता मुरूम. अप्पांनी तो खणून काढला, शिवारातनं बैलगाडीनं काळी माती आणून भरली, शेणखत मुरवलं आणि पुण्याहून गुलाबाची कलमं आणली. सोलापूरच्या उन्हात ती जगवणं सोपं नव्हतं. अप्पांनी जगवली. मावा पडला की रात्रभर भिजवलेल्या तंबाखूचं पाणी फवारायचे. कलमाच्या खालून खुंटाची रानटी फूट आली की माती उकरून मुळापासून काढायचे. मोठं फूल हवं म्हणून बाजूच्या सगळ्या कळ्या खुडून एका फांदीवर एकच कळी ठेवायचे. हे सगळं करताना त्यांचा चेहरा इतका शांत असायचा, की रस्त्यानं जाणारे लोक थांबून बघायचे. शेजारच्या काकू अव्वाला म्हणायच्या, "किती मायाळू हायत तुमचे मालक."

अव्वा म्हणायची, "व्हय की."

दसरा उलटला की छाटणी. अप्पा कापत जायचे, आणि पडलेल्या फांद्या गोळा करायचं काम अव्वाचं आणि माझं. वाफ्यात चपला घालायच्या नाहीत, माती दबते, असा नियम होता. त्यामुळं टाचेत काटे मोडायचे. चुलीपाशी बसून अव्वा सेफ्टी पिनेनं ते काढायची. एकदा मी वाफ्यातच किंचाळले, तर अप्पा वळूनही न बघता म्हणाले, "झाडाला एवढं कापलं, ते ओरडलं का?"

फूल तोडायचं नाही, हा दुसरा नियम. प्रदर्शनाला न्यायचं एखादं सोडलं, तर ते झाडावरच उमलायचं आणि झाडावरच सुकायचं. सुकलेलं अप्पा स्वतः काढायचे. घरात एवढे गुलाब असताना अव्वा लिंगपूजेला शेजारच्या काकूंच्या दारातली कण्हेर मागून आणायची.

मी एकटीच. माझ्या आधीची दोन मुलं राहिली नाहीत. त्यावर घरात कुणी बोलत नसे.

बहात्तरला पाऊस झालाच नाही. दिवाळीपर्यंत आमचा आड आटला. नळाला कधी पाणी यायचं, कधी नुसती हवा. आम्ही मोठ्या घमेल्यात उभं राहून आंघोळ करायचो, कारण अंगावरून ओघळलेलं पाणी गुलाबांना जायचं. साबण बंद झाला. साबणाचं पाणी मुळांना चालत नाही. अव्वाच्या बोटांच्या बेचक्यांत खरूज झाली, ती कडुलिंबाचा पाला वाटून लावायची. अप्पा झाडांच्या बुंध्याशी ओली गोणपाटं अंथरायचे, म्हणजे ओल टिकून राहते.

त्या दिवसांत सांगोल्याकडची माणसं खडी फोडायच्या कामावर म्हणून आमच्या रस्त्यानं जायची. एका संध्याकाळी एक बाई फाटकाशी थांबली. कडेवर पोर होतं, त्याचे ओठ पांढरे पडलेले.

"दादा, पोराला घोटभर पाणी द्या की."

अप्पा झारीनं पाणी घालत होते. "हितं पाणी न्हाई," ते म्हणाले.

बाईनं झारीकडं बघितलं. "मग त्ये काय हाय?"

"ते झाडांचं हाय."

आणि त्यांनी झारी रिकामी होईपर्यंत घाई न करता पाणी घातलं. पोर ओल्या मातीकडं बघत होतं. बाई शिव्या देईल असं मला वाटलं. तिनं नुसतं पोर एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं आणि निघाली. तेवढ्यात मागच्या दारानं बाहेर येऊन अव्वानं बोळातून तिला हातानं खूण केली. बाई बोळातून वळून मागं गेली, आणि अव्वानं तिला तांब्याभर पाणी दिलं. पोर इतक्या घाईनं प्यायलं, की अर्धं त्याच्या छातीवर सांडलं.

अप्पा कोपऱ्यावर येऊन उभे होते. बाई जाईपर्यंत ते तिथनं हलले नाहीत. मग आत आले, माठावरची झाकणी काढून बाजूला ठेवली, माठ दोन्ही हातांनी उचलला आणि बाहेर नेऊन गुलाबांच्या आळ्यात पालथा केला.

"घरात पाणी जास्त झालंय वाटतं," ते म्हणाले. "वाटत सुटलीयस म्हणून म्हणतो."

अव्वा म्हणाली, "पोरगी काय पिणार?"

"ते पाणी देताना इचारायचं."

"शेजारून आणते कळशीभर."

"जा. मग तिकडंच राहा."

नळाला पाणी यायला दुसरा दिवस मावळावा लागला. अप्पा सकाळी कचेरीत गेले, तिथं त्यांना प्यायला पाणी होतं. अव्वानं मला मडक्याच्या तळाशी राहिलेलं ताक दिलं. मी "तू?" म्हटलं, तर म्हणाली, "सुम्नीर." आमच्याकडं कानडीत गप्प बस म्हणायचं ते असं. दुपारी ती भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती आणि जीभ सारखी ओठांवरून फिरवत होती. त्यानंतर फाटकाशी कुणी पाणी मागायला आलं, की ती स्वतः उठून मागच्या दाराला कडी घालायची.

जानेवारीत शाळेचं गॅदरिंग होतं. आमच्या वर्गाचा नाच बसवला होता आणि बाईंनी सगळ्या मुलींना केसांत फूल माळून यायला सांगितलं होतं. माझे केस तेव्हा कमरेपर्यंत होते. एवढंच माझ्यात बघण्यासारखं आहे, असं नातेवाईक तोंडावर म्हणायचे. अव्वानं वेणी घालून दिली. दुष्काळामुळं बाजारात फुलं दिसत नव्हती. शेजारची कण्हेरही वाळून गेली होती. अव्वा दारात जाऊन उभी राहिली. अप्पा घरी नव्हते. ती अनवाणी वाफ्यात गेली, मागच्या भिंतीलगतच्या झाडावरचं एक अर्धं उमललेलं गुलाबी फूल तिनं नखानं खुडलं आणि माझ्या वेणीत खोवलं. मग मागं सरून बघितलं, आणि हसली. हातानं तोंड झाकून हसली, एखाद्या मुलीसारखी.

"लई चांगलं दिसतंय," ती म्हणाली. "येताना काढून टाक. घरात आणू नकोस."

नाच चांगला झाला. बाईंनी माझ्या फुलाचा वास घेतला. त्या आनंदात मी फूल काढायचं विसरले आणि तशीच घरी आले.

अप्पा फाटकात उभे होते. हातात छाटणीची कात्री होती. कोणत्या झाडावर कोणती कळी कधी उमलणार हे त्यांना पाठ होतं. दोन दिवसांनी शहरात गुलाबांचं प्रदर्शन भरायचं होतं, आणि ते फूल त्यांनी त्यासाठी राखलं होतं, हे मला नंतर कळलं.

"कुणी तोडलं?"

मी अव्वाकडं बघितलं. ती उंबऱ्याच्या आत उभी होती, पदर खांद्यावर ओढून. मी सांगू शकले असते. पण मला खात्री होती, की तीच सांगेल. मोठी माणसं सांगतात. मी वाट बघत राहिले.

"कुणी तोडलं इचारतोय."

अव्वा जमिनीकडं बघत होती.

"गप्प बसली म्हणजे हिनंच," अप्पा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. गुलाबांशी बोलताना असायचा तोच आवाज होता, आणि त्यामुळं मला क्षणभर वाटलं की ते सोडून देतील. त्यांनी माझी वेणी हातात घेतली, फूल अलगद काढून खिशात ठेवलं आणि वेणी मानेपाशी कात्रीत धरली. कात्री फांदीसाठी होती. केस एका दाबात तुटले नाहीत. चावत चावत वेणी कापावी लागली. मी ओरडले तेव्हा डोकं ओढलं जाऊन आणखी दुखलं, म्हणून गप्प झाले. वेणी हातात आल्यावर त्यांनी ती वाफ्याच्या कडेला टाकली.

"आता फुलाचं काम न्हाई," ते म्हणाले आणि कात्री पुसायला लागले.

अव्वानं मला आत नेलं आणि साध्या कात्रीनं राहिलेले केस सारखे केले. मला तिच्याकडून एकच वाक्य हवं होतं, तेही अप्पांपुढं नाही, मला एकटीला सांगितलं असतं तरी चाललं असतं. ते आलं नाही. मी सांगितलं असतं तर काय झालं असतं, याचा मात्र मी विचार करत राहिले. बहुतेक काहीच वेगळं झालं नसतं. अप्पांनी दोघींचेही कापले असते.

दुसऱ्या दिवशी अव्वा मला सोडायला शाळेत आली, आणि बाईंनी विचारलं तेव्हा म्हणाली, "उवा लई झाल्या हुत्या." त्या दिवसापासून माझ्या बाकावर कुणी बसेना. एका मुलीच्या आईनं तिला मधल्या सुट्टीत माझ्यापासून लांब बसायला सांगितलं, ते तिनं मला मोठ्यानं सांगितलं.

प्रदर्शनात अप्पांच्या दुसऱ्या एका फुलाला कप मिळाला. ते नवी पेठेतून पेढे घेऊन आले. इतकं खूश मी त्यांना क्वचितच पाहिलं होतं. कप फळीवर ठेवून त्यांनी पुडा अव्वाच्या हातात दिला. "आधी पोरीला दे," म्हणाले. अव्वानं माझ्या तोंडात पेढा घातला. मी तो खाल्ला. चांगला होता.

त्यानंतरची वर्षं तशीच गेली. पाऊस झाला, आड भरला, साबण परत आला. केस वाढले, पण मी ते खांद्याच्या खाली जाऊ दिले नाहीत.

मी कॉलेजात जायला लागले त्या पावसाळ्यात अप्पांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, आणि वाचा गेली. तो मोठा आवाज जाऊन घशातून नुसती गुरगुर उरली. डॉक्टर म्हणाले, कळतं त्यांना सगळं. अव्वानं त्यांची खाट पुढच्या खोलीत खिडकीला लावून घेतली, बाग दिसेल अशी. येणारे जाणारे म्हणायचे, किती समजून करते.

दसरा झाल्यावर अव्वानं छाटणीची कात्री काढली. एवढी वर्षं फांद्या गोळा करताना तिनं सगळं बघून ठेवलं होतं. अप्पांच्याच चपला पायांत घालून ती वाफ्यात उतरली. चपला मोठ्या होत्या, फटक फटक वाजायच्या. खिडकीतून गुरगुर सुरू झाली, मग वाढत गेली. तिनं मान वर केली नाही. सगळी झाडं नीट छाटली, खत घातलं, पाणी घातलं. अप्पांच्या वेळी यायचे तसेच दांडगे गुलाब आले.

पहिलं फूल उमललं त्या सकाळी मी अप्पांना पेज भरवायला बसले होते. अव्वा बागेतून आली. अंबाड्यात ते फूल होतं. तिनं माझ्या हातातली वाटी घेतली आणि त्यांच्यासमोर बसली. पेज भरवताना मान मुद्दाम थोडी वळवत होती, फूल त्यांच्या डोळ्यांसमोर यावं म्हणून.

"चांगलं आलंय न्हाई?" ती म्हणाली. "सगळ्यात मोठं हेच हुतं."

अप्पांच्या तोंडातून पेज गळायला लागली. डावा हात त्यांनी तिच्या डोक्याकडं नेला. तिनं जरा मागं सरून तो चुकवला, आणि पदरानं त्यांची हनुवटी पुसली.

मग हे रोजचंच झालं. जे सगळ्यात चांगलं उमललं असेल ते ती तोडायची. कधी दोन. देवाला एक, स्वतःला एक. शेजारच्या काकूंना बोलावून त्यांच्या अंबाड्यातही लावायची, खाटेसमोर उभं करून. काकूंना वाटायचं, आजारी माणसाला बरं वाटावं म्हणून चाललंय. अप्पांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. काकू म्हणायच्या, "बघा, आनंदानं डोळे भरले."

एकदा ती माझ्यासाठीही फूल घेऊन आली. "ये, लावते," म्हणाली. मी म्हटलं, "मला नको." ती थोडा वेळ हातात धरून उभी राहिली, मग ते अप्पांच्या उशीवर ठेवून गेली, त्यांच्या चांगल्या हाताला पोचणार नाही असं.

मला अप्पांची दया आली का? त्या वेळी नाही. मी दारातून बघायचे आणि मला बरं वाटायचं, आणि मग कॉलेजला निघून जायचे.

उन्हाळ्यात अप्पा गेले. त्यानंतर अव्वानं फूल लावलं नाही. रीत म्हणून, असं मला वाटलं होतं. पण काकू एकदा देवाचं फूल तरी घे म्हणाल्या, तर ती म्हणाली, "आता कुणाला दाखवायचंय?" झाडांना पाणी घालायचंही तिनं सोडलं. मीही घातलं नाही. पाऊस येईपर्यंत बहुतेक झाडं वाळली. काकूंनी एक-दोन खणून नेली.

एका दुपारी अव्वा सुपात ज्वारी निवडत बसली होती. घरात आम्ही दोघीच होतो. मी विचारलं, "तू त्या दिवशी गप्प का राहिलीस?"

कोणता दिवस, असं तिनं विचारलं नाही. ज्वारीतला एक खडा काढून बाजूला टाकला.

"बोलले असते तर माजे केस गेले असते."

"माझे गेले."

"तू ल्हान हुतीस. तुजे येणारच हुते." तिनं सूप हलवलं. "आनि मला माजे पायजे हुते."

मी काहीतरी बोलावं म्हणून ती थांबली असावी. मग तिनं परत मान खाली घातली, आणि मी चपला घालून बाहेर पडले ती दिवेलागणीनंतरच घरी आले.