चहाच्या गंजाची मूठ

आमच्या घरात आज जी वस्तू शाबूत आहे, ती केवळ माझ्या साडूच्या नजरेतून सुटली म्हणून शाबूत आहे. हे मी रागाने सांगत नाही, हबकून सांगतो आहे. आणि गेली बारा वर्षं तसाच हबकलेला आहे. बायकोच्या धाकट्या बहिणीचा हा नवरा इंडस्ट्रियल डिझायनर. त्याचं लग्न ठरत होतं तेव्हा बैठकीला आलेल्या आमच्या बाबांनी विचारलं, "म्हंजे करता काय तुम्ही?" तो म्हणाला, "वस्तू कशी असावी ते ठरवतो." बाबांची सगळी नोकरी कोराडीच्या वीज केंद्रात गेलेली. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "मंग आतापावेतो कोन ठरवत होतं?" यावर हा गृहस्थ इतका खूश झाला की भर बैठकीत उठून बाबांच्या पाया पडला. मुलीकडचे सगळे एकमेकांकडे पाहत राहिले.

कुठलीही वस्तू त्याला सरळ पाहवत नाही, आधी ती उलटी करावी लागते. स्वतःच्याच लग्नात त्याने खुर्ची उलटी करून तिचे पाय तपासले, आणि त्याच क्षणी मागे न पाहता तिच्यावर बसायला गेलेले माझे मामेसासरे थेट सतरंजीवर बसले. "बुडाकडून पाह्यली का वस्तू खोटं नाही बोलत," असं त्याचं म्हणणं. एकदा बायको पोळ्या करत होती आणि मी दही आणायला गेलो होतो तेवढ्यात, याने आमचा नवाकोरा स्टीलचा थर्मास हॅक्सॉने उभा चिरला. दोन्ही फाका माझ्यापुढे धरून म्हणाला, "पाह्यलं का दादा, मधात काहीच नाही! काहीच नाही म्हनूनच चहा गरम राह्यते." मी दह्याचं भांडं हातात धरून तसाच उभा राहिलो. बायको म्हणाली, "काहून कापला म्हनून विचारा ना!"

जिवंत माल मात्र तो असा कापत नाही. लाकूड, बांबू, कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या यांच्याशी तो फार अदबीने वागतो. आधी हुंगतो, गालाला लावतो, मग नखाने टकटक करून कान देतो. कळमन्याच्या बाजारात संत्री आणायला पाठवला, तर संत्र्यांखाली गवत कसं अंथरतात ते तासभर पाहून रिकामी पेटी घेऊन आला. नरखेडकडे एका बागेत जुनी संत्र्याची झाडं तोडून सरपणाला लावलेली दिसली, तर त्यातलं एक खोड उचलून एसटीने आला. येताना खोड खिडकीच्या सीटवर, हा उभा. "पिवळं धमक अन् लोखंडासारखं घट्ट लाकूड हाय, दादा, अन् लोक त्याच्यावर पानी तापवून राहिले!" हे सांगताना त्याच्या डोळ्यांत खरोखरचं पाणी होतं. ते खोड वर्षभर आमच्या गॅलरीत पडून होतं.

मग बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. सौम्यच होता, पण उजव्या हाताची पकड गेली. नोकरीत असल्यापासून सकाळचा सगळ्यांचा चहा बाबांच्या हातचा. जर्मनचा, ॲल्युमिनियमचा, एक जुना गंज, म्हणजे तुमच्याकडचं पातेलं, त्यासाठी राखीव. दवाखान्यातून आल्यावर त्यांनी हट्टाने चहा टाकला, आणि उतरवताना सांडशी सुटून सगळा चहा फरशीवर गेला. दुसऱ्या दिवसापासून बाबा स्वयंपाकघरात आलेच नाहीत. हळूहळू बोलणंही थांबलं. प्रश्न चहाचा नव्हताच, आमचे बाबा हातचे जाताहेत हे आम्हाला समोर दिसत होतं.

साडू आला. त्याने ओट्यावरचा गंज उलटा केला, आणि मी आधी त्याच्या हातात हॅक्सॉ नाही ना ते पाहिलं. "ताई, जरा घट्ट कनीक द्या," तो बायकोला म्हणाला. तो गोळा त्याने बाबांना मुठीत दाबायला लावला, बाबांनी तो शालीखाली नेऊन दाबला, उमटलेला मुटका कागदात गुंडाळला, आणि गंज व गॅलरीतलं खोड घेऊन निघून गेला. आठ दिवसांनी गंज परत आला, तो कडेला दोन भोकं पाडून संत्र्याच्या लाकडाची मूठ ठोकलेला. बाबांचा गंज, आणि भोकं! मूठ सुंदर होती. बाबांनी उजव्या हाताने उचलला आणि अर्धा लिटर दूध ओट्यावर सांडलं.

साडू मुठीकडे पाहत खाली फरशीवरच बसला. म्हणाला, "बाबा, तुम्ही मले डावा हात देल्ला. चांगला हात. मले दुखरा पाहिजे होता."

बाबांनी शालीखालून उजवा हात काढला आणि पहिल्यांदाच आमच्यासमोर पुढे केला. "घे," म्हणाले.

दुसरी मूठ दिसायला विचित्र होती, वाकडी, मध्ये खोल. पकडायची गरजच नव्हती, हात नुसता आत बसायचा. त्यानंतर तीन वर्षं आम्ही बाबांच्या हातचा चहा प्यायलो, आणि दर सकाळी डब्यात साखर कमी पडली म्हणून त्यांच्याच शिव्या खाल्ल्या.

बाबांना जाऊन आता दोन वर्षं होत आली. त्या मुठीत दुसऱ्या कुणाचाच हात बसत नाही. म्हणून गेल्या महिन्यात मी साडूला म्हटलं, ही मूठ कापून साधी बसवून दे, गंज वापरात तरी राहील. त्याने तो नेहमीसारखा उलटा केला, खाचेत अंगठा फिरवला आणि माझ्या हातात परत दिला. "हे मी नाही कापत, दादा."

बारा वर्षांत बसलेल्या धक्क्यांमधला हा सगळ्यात मोठा. आता चहा दुसऱ्या गंजात होतो. पण सकाळी आधी मी तो जुना हातात घेऊन पाहतो. माझा हात बसत नाही. बाबांचा अंगठा कुठे असायचा तेवढं कळतं.