अमावास्येला भ्यालेली वेधशाळा

सोलापूरजवळच्या वेधशाळेनं कुंभारीच्या गावकऱ्यांना तारे दाखवायचं ठरवलं, तेव्हा गावातला मास्तर म्हणून मलाही बैठकीला बोलावलं. समोर आकाशाच्या अभ्यासात हयात घातलेली माणसं. पहिला तास शाल कुणाला आणि नारळ कुणाला, यातच गेला. मग तारखेचा विषय निघाला. मी म्हणालो, "अमावास्येला ठेवा. चंद्र नसतो, तारे झकास दिसतील."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. संचालक घसा खाकरून म्हणाले, "सर, आमचं काही नाही हो, पण शुभकार्य अमावास्येला कसं करायचं? पाहुणे काय म्हणतील?"

"आमचं काही नाही" म्हणणाऱ्यांचंच सगळं असतं, हे या वयात मला कुणी शिकवायला नको. एकानं मोबाईलवर पंचांग उघडलं आणि पौर्णिमा पक्की झाली. लख्ख चांदण्यात तारे फिके पडतात, हे या पंडितांना मी सांगायचं? मी हात जोडले, चहा तसाच ठेवला आणि उठलो.

दाराशी कार्यक्रमाचा फ्लेक्स छापून तयार होता. फक्त तारखेची जागा कोरी होती. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, "अंधश्रद्धा सोडा, आकाशाकडे बघा!"