बाबूला घास गिळवेना

दुसरं महायुद्ध चालू होतं आणि आमची प्लॅटून ब्रह्मदेशच्या आघाडीवर होती. मी कराडचा, हवालदार. नाईक बाबू सांगलीकडचा, माझ्याच प्लॅटूनमधला. दोघेही कृष्णेचं पाणी प्यायलेले, म्हणून चारचौघांतच तो मला हवालदारसाहेब म्हणायचा आणि एरवी गड्या. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हल्ल्याच्या तयारीनं बंदुका रोखून खंदकात उभं राहायचं, मग चहा, मग गस्त. रेशन डब्यातलं. हिरवा पाला जंगलात मुबलक होता, ताटात कधीच नाही.

त्या पावसाळ्यात जवानांच्या हिरड्या सुजल्या. थुंकी लाल झाली. बिस्कीट चावलं की दात हलायचे. मेडिकल ऑफिसरांनी सगळ्यांना फॉल-इन केलं, तोंडं तपासली आणि हुकूम दिला, "ताजं फळ नाही, भाजी नाही, म्हणून हे. रोज लिंबाचा रस. माझ्यासमोर प्यायचा."

तोंडं वाकडी करत आम्ही प्यालो. महिन्याभरात सगळे बरे झाले. बाबू सोडून.

बाबूला मिश्रीची सवय होती. आमच्याकडे तंबाखू तव्यावर काळी होईतो भाजतात, कुटतात आणि सकाळी बोटानं हिरड्यांना घासतात. तिला व्यसन कोण म्हणतो? दात घासणंच ते. बाबूची बायको हौसा घरून डबी पाठवायची. हिरडी ठणकली की तो जास्तच घासायचा.

"सिक रिपोर्ट कर, डॉक्टरसाहेबांना दाखव," मी म्हणालो.

"कशाला रं? मिश्रीनं बधिर हुतंय. रगात सगळ्यांचंच येत हुतं."

"त्यांचं थांबलं."

"माजंबी थांबंल, गड्या."

लढाई संपली. बाबूच्या अंगाला एक गोळी शिवली नव्हती. डिस्चार्ज घेऊन आम्ही घरी आलो. पुढच्या उन्हाळ्यात त्याला भेटायला गेलो, तर गडी भाकरी दुधात कुस्करून, पातळ करून पीत होता. तेही अडकत होतं. घरचे म्हणाले, तोंड आलंय, ज्येष्ठमध चालू आहे. माझं डोकं फिरलं. मी बैलगाडी जुंपायला लावली आणि त्याला सांगलीच्या डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टरांनी आरशानं घसा पाहिला आणि मला व हौसाला बाहेर बोलावलं.

"हिरडीतून रक्त पुष्कळ कारणांनी येतं. भाजीपाला नसला, दात किडले, रक्ताचा आजार असला, तरी येतं. पण जखम भरत नाही, घास अडकतो, म्हणजे तेव्हाच दाखवायला हवं होतं. हा कॅन्सर आहे. गालातून घशात उतरलाय."

"इलाज, साहेब?"

"उशीर झालाय."

हौसा भिंतीला टेकून खाली बसली. "आवं भावजी, मीच भाजून धाडत हुते की."

मला तिच्याकडे बघवेना. प्रेमानंच धाडत होती ती.

शेवटी शेवटी पाणीसुद्धा नाकातून परत यायचं. घरात ज्वारीची पोती रचलेली होती आणि बाबू भुकेनं मेला. लढाईत पडलेल्यांची नावं आमच्याकडे अजून मानानं घेतली जातात. त्यात त्याचं नाव येत नाही. मी घेतो.

दहाव्याला नदीकाठी पिंडाशेजारी भाकरी, भरीत आणि गूळ ठेवला. कावळे झाडावर बसून राहिले, शिवेनात. भावानं पोरांना सांभाळायचा शब्द दिला, मीही दिला. तरी एक कावळा हलला नाही. मग हौसा पुढं झाली आणि हात जोडून म्हणाली,

"धनी, आता घसा दुकायचा न्हाई. गिळा."