शिवा दात बघायचा

नवं पोर स्केटिंगच्या क्लासला आलं, की त्याला चाकांचे बूट द्यायच्या आधी शिवा त्याचे दात बघायचा. आईला शेजारी उभी करायचा, स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे बांधायचा, गुडघे वाकवून पोराच्या उंचीला यायचा आणि म्हणायचा, "आ कर बाळा." हात लावायचा नाही. नुसता बघायचा आणि पोराचं वय सांगायचा. पाच-सहा महिन्यांपलीकडे तो चुकलेला मी पाहिला नाही, आणि चुकावा म्हणून मी फार वाट पाहिली आहे.

शिवा आणे गावचा. वडील बैलबाजारात दलाली करायचे, हे ज्ञान तिथलं. नारायणगावच्या एका मंगल कार्यालयात, लग्नाची तारीख नसेल त्या दिवशी, गुळगुळीत फरशीवर तो पोरांना गिरक्या आणि उड्या शिकवायचा. टीव्हीवर बर्फावर दिसतं तेच, फक्त आमच्याकडे बर्फाऐवजी फरशी आणि पात्यांऐवजी चाकं. माझा क्लास मंचरला. माझा स्पीकर चांगला, बूट नवे, भिंतीवर माझी प्रमाणपत्रं. तरी मंचरची पोरं एसटीनं नारायणगावला जायची. मला सर म्हणायची, त्याला मामा. स्पष्टच सांगतो, मी त्याच्यावर जळायचो.

त्याचे नियमही पालकांना पळवून लावतील असे. एका बागायतदारानं आग्रह धरला, की क्लास सुटल्यावर माझ्या पोरीला एकटीला शिकवा. शिवा म्हणाला, "एकली पोरगी आन एकला मास्तर, आसा क्लास नसतो भाऊ. घरचं कुनीतरी आनून बसवा, न्हाईतर जमनार न्हाई." बागायतदार तणतणत निघून गेला. मी खूश. आठवड्यानं तो आजीबाईंना घेऊन परत त्याच्याकडेच गेला.

माझी गौरी तेव्हा दहा वर्षांची होती. हवेत दोन गिरक्यांची उडी ती सहज मारायची, पण ती उडी मोठ्या गटातच चालायची आणि त्या गटाला बारा वर्षं पुरी लागायची. कोवळ्या हाडांना ती आपटी सोसत नाही म्हणून नियम. तो मला ठाऊक होता. त्या वर्षी मोठ्या गटात शिवाची एक मुलगी पहिली येणार, हेही ठाऊक होतं, आणि ते मला बघवत नव्हतं. गौरीच्या जन्मदाखल्याच्या झेरॉक्सवर मी साल बदललं आणि तिला आठवडाभर पढवलं, "कुणी विचारलं तर बारा सांगायचं."

जिल्ह्याच्या निवडीला वय तपासायच्या टेबलावर नेमका शिवा; दात बघून वय सांगतो म्हणून संघटनेनं त्यालाच बसवलेलं. त्यानं झेरॉक्स पाहिली, मग हात मागे बांधून गौरीसमोर वाकला. गौरीनं आ केला. मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "राव, कागुद बारा म्हनतोय, पर तोंडात दुधाच्या दाढा हायेत अजून. जनावराचे दुधाचे दात पडले नसले तर आमी त्याला आदत म्हनतो. आदत खोंडाला कुनी औताला जुपत न्हाई."

"कुणाकुणाच्या दाढा उशिरा पडतात," मी म्हणालो.

"पडत्यात की. मंग शाळंचं रजिस्टर मागवू?"

त्यानं झेरॉक्सची घडी करून माझ्या खिशात घातली, यादीतलं गौरीचं नाव खोडलं आणि टेबलाकडे वळून मोठ्यानं सांगितलं, "ही पोरगी ल्हान गटात खेळंल. सरांनी फॉर्म चुकून हिकडं दिलाय." माझी अब्रू त्यानं वाचवली, याचाच मला जास्त राग आला. त्याची मुलगी पहिली आली.

मोटारसायकलवरून घरी येताना मी त्याला शिव्या घालत होतो. मागून गौरी म्हणाली, "पप्पा, आता मी परत दहाचीच ना?" तिला किती हायसं वाटलं होतं, ते आवाजातच कळत होतं. पण शिवाशी मी पुढे कधी धड बोललो नाही. समोरून आला तर रस्ता बदलायचो.

गेल्या वर्षी शिवा गेला, हृदयविकारानं. क्लास बंद पडू नये म्हणून गौरी तिकडे शिकवायला जाते. ती आता एकोणीस वर्षांची आहे. मंचरला बापाचा क्लास आहे, तरी ती नारायणगावला जाते.

परवा तिचा डबा घरी राहिला म्हणून द्यायला गेलो. एक बाई लहान मुलाला घेऊन आत उभ्या होत्या. गौरीनं त्यांना जवळ बोलावलं, दोन्ही हात पाठीमागे बांधले, गुडघे वाकवले आणि मुलाला म्हणाली, "आ कर बाळा."

डबा हातात धरून मी दारातच थांबलो. चाकांवर उभं राहायला तिला मी शिकवलं होतं. हे मी शिकवलेलं नव्हतं. नऊ वर्षांपूर्वी तिच्या तोंडात दुधाच्या दाढा होत्या, हे तिच्या बापानं कधी बघितलंच नव्हतं. ते शिवानं बघितलं. माणूस गेला तरी त्याचा हा हेवा माझ्या मनातून जात नाही.